निर्लेखनाआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून शाळा, ग्रामपंचायती, सार्वजनिक ग्रंथालये आणि लहान पतसंस्थांमधल्या संगणकांच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर ‘विंडोज ११ चालत नाही’ असा शेरा मारून यंत्र निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढण्याच्या, यादीत ढकलले जाते, नाहीतर कुणी काहीच करत नाही आणि यंत्र कालच्यासारखेच आजही चालू राहते. पहिल्यात पैसा वाया जातो, दुसऱ्यात धोका वाढत जातो. सार्वजनिक पैशातून घेतलेला संगणक कधी मोडीत काढायचा हे कंपनीच्या दिनदर्शिकेने ठरवू नये. त्या यंत्रावर रोज कोणते काम होते त्यावरून ते ठरावे, आणि ठरवण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी. आज ती कुणाच्याच नावावर नाही, हा खरा प्रश्न आहे. यातली बरीच यंत्रे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर आणखी काही वर्षे चालू शकतात, आणि ते पेनड्राइव्ह लावून आधी तपासता येते.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले? दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे सुरक्षेचे अपडेट थांबले, एवढेच. संगणक सुरू होतो, प्रिंट निघते, जीमेल उघडते. एज ब्राउझरचे अपडेट आणि डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसच्या व्हायरस ओळखण्याच्या व्याख्या तर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्यामुळे पडद्यावर काहीही बिघडलेले दिसत नाही आणि कार्यालयात कुणाला घाई वाटत नाही. पण व्याख्या नव्या असल्या तरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातले भोक त्यांनी बुजत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली रुग्णालये आणि कार्यालये ठप्प केली, तेव्हा त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्या यंत्रांवर ती बसलेली नव्हती ती पडली. दुरुस्ती हाताशी असताना ही गत झाली. विंडोज १० च्या बाबतीत तर, वेगळी मुदतवाढ घेतली नाही तर, यापुढे दुरुस्ती येणारच नाही. शिवाय ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही सपोर्ट त्याच दिवशी संपला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोलूनही दाखवली नाही. बाहेरून आलेली वर्ड फाइल उघडणे हे शाळेच्या कार्यालयातले रोजचे काम आहे, म्हणजे धोका नेमका तिथेच आहे.

विंडोज ७ च्या वेळी काय झाले तेही आठवावे. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी यंत्रे चालत राहिली. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने त्यावर नवी आवृत्ती देणे बंद केले, आणि त्यानंतर एकेक संकेतस्थळ कुरकुरू लागले. कार्यालयाला जाग येते ती अशी उशिरा, पोर्टल उघडत नाही तेव्हा. आणि ती वेळ नेमकी माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेला येते.

आता विंडोज ११ ची रेघ कुठे आहे ते पाहू. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही अट बहुतेक यंत्रे पार करतात. अडते ते टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि प्रोसेसरच्या यादीवर. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका यांच्या अलीकडचेच, म्हणजे ढोबळमानाने २०१७-१८ नंतरचे प्रोसेसर यादीत आहेत, मोजके अपवाद सोडून. सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक यंत्रांत टीपीएम २.० फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते, तरीही ती यादीबाहेर आहेत. आय-५ सातवी पिढी, आठ जीबी रॅम असे यंत्र शाळेच्या कामाला आणखी पाच-सात वर्षे सहज पुरते. ते केवळ यादीत नाही म्हणून मोडीत काढणे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी.

गंमत अशी की निर्लेखनाच्या यादीतली काही यंत्रे प्रत्यक्षात विंडोज ११ साठी पात्रही असतात. तपासणी करणाऱ्याने ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन चालवले, लाल फुली पाहिली आणि शेरा लिहिला. आठव्या-नवव्या पिढीच्या असेंबल केलेल्या संगणकांत मदरबोर्डवर टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू करायला दोन मिनिटे लागतात. दुसरे कारण असते जुन्या पद्धतीचे, म्हणजे लेगसी किंवा सीएसएम बूट. तिथे मात्र घाई केली तर घात होतो. बायोसमध्ये आधी यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडली आणि डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीचीच राहिली, तर संगणक सुरूच होत नाही, आणि मग ‘हार्डडिस्क गेली’ असे निदान होते. क्रम उलटा हवा. आधी डेटाचा बॅकअप, मग विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने डिस्क तपासणे (जीपीटी ही विभागणीची नवी पद्धत), तपासणी पास झाली तर रूपांतर, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय. इथे आपल्याकडची एक सवय आडवी येते. फॉरमॅट मारून देणारा टेक्निशियन डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे पाडतो. त्यासाठी तो एक्स्टेंडेड पार्टिशन करतो, आणि ते असले की हे साधन रूपांतर नाकारते. आधी डी-ई-एफमधला मजकूर बाहेर काढून ते तुकडे पुसावे लागतात.

जुन्या यंत्रांत आणखी एक क्षुल्लक वस्तू मोठा गोंधळ घालते, ती म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. तो संपला की दर वेळी वीज गेल्यावर बायोस मूळपदावर येतो, चालू केलेले पीटीटी पुन्हा बंद होऊ शकते आणि घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो. ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून दाखल झालेल्या तक्रारीचे मूळ कधीकधी एवढेच असते. सेल काही रुपयांना मिळतो. कोणतेही अपग्रेड करण्याआधी तो बदलावाच, आणि बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

पात्र यंत्रांवर विंडोज ११ घालताना शाळांनी एका गोष्टीकडे नीट पाहावे. होम आवृत्तीची मांडणी (इन्स्टॉलेशन) इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. मग जे शिक्षक समोर बसलेले असतात त्यांचे वैयक्तिक खाते टाकले जाते. विंडोज ११ च्या २४एच२, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धातल्या, आवृत्तीपासून नव्याने केलेल्या मांडणीत खाते टाकले की बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. पुढे शिक्षकांची बदली होते. दोन वर्षांनी कुणी बायोस अपडेट करतो किंवा बोर्ड बदलतो, संगणक ती किल्ली मागतो, आणि ती असते दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाच्या ईमेल खात्यात. सगळा डेटा शाबूत, पण शाळेला उघडता येत नाही. किल्ली छापून जडवस्तू संग्रह नोंदवहीला त्या यंत्राच्या नोंदीपाशी चिकटवणे हा उपाय साधा आहे. अशा साध्या उपायांचे परिपत्रक निघत नाही, ही आपली अडचण.

जी यंत्रे खरोखर यादीबाहेर आहेत त्यांच्यासाठी बाजारात एक सोपा मार्ग सांगितला जातो: तपासणी चुकवून विंडोज ११ घालणे. ‘रुफस’सारख्या साधनाने असा पेनड्राइव्ह दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो. घरी, स्वतःच्या जोखमीवर, ज्याला कळते त्याने हे जरूर करावे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा यंत्राला अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा हाताने घालावी लागते. होम आणि प्रो आवृत्तीला साधारण दोन वर्षेच अपडेट मिळत असल्याने ते एकदा चुकले की आपण पुन्हा जिथे होतो तिथेच. शिवाय खेळाचे नियम मध्येच बदलतात. २४एच२ ने प्रोसेसरला ‘पॉपकाउंट’ ही आज्ञा कळणे सक्तीचे केले आणि कोअर टू ड्युओसारखी यंत्रे, जी २३एच२ पर्यंत जुगाडाने चालत होती, ती थेट बाद झाली. याहून वाईट प्रकार म्हणजे कुठून तरी उतरवलेली ‘लाईट’ आवृत्ती, ज्यात डिफेंडर आणि अपडेटची यंत्रणाच काढून टाकलेली असते आणि वर ॲक्टिव्हेशनसाठी क्रॅक. ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक भरले जातात त्यावर हे चालवणे अक्षम्य आहे.

मग मुदतवाढ? मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन विंडोज १० चे सुरक्षा अपडेट पुढे देते. घरगुती वापरकर्त्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एकदाच ३० डॉलर भरून, किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर मोफत. संस्थांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. उशिरा सामील झालात तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. ग्रामपंचायतीसाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. पण शिक्षण संस्थांसाठी हाच दर पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार इतका कमी आहे. वीस संगणकांच्या कक्षाला तीन वर्षांचे १४० डॉलर. नव्या एका संगणकाच्या किमतीहूनही कमी पैशांत सबंध कक्षाला तीन वर्षे श्वास घेता येतो. अडचण अशी की हा परवाना ठोक पद्धतीने घ्यावा लागतो. जिल्हा परिषदेच्या एकट्या शाळेला ते अवघड, जिल्हा किंवा राज्य पातळीवरच हे व्हायला हवे. ते झाले तर निर्णयासाठी वेळ मिळेल. मात्र तीन वर्षांनी प्रश्न परत तसाच उभा राहील, म्हणून हा वेळ दुसऱ्या कामासाठी वापरायचा.

ते दुसरे काम म्हणजे लिनक्स. हे नाव काढले की चर्चा लगेच तत्त्वाची होते, मुक्त सॉफ्टवेअर विरुद्ध मक्तेदारी वगैरे. ती बाजूला ठेवू. साधा प्रश्न विचारू: या यंत्रावर दिवसभर काय चालते? शाळेत यूडायस प्लस, सरल, शालार्थ ही पोर्टले, ती ब्राउझरमध्ये चालतात. दीक्षावरचे व्हिडिओ, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, निकालपत्रकाची एक्सेल शीट, पालकांना नोटीस. ग्रंथालयात पुस्तकांची यादी आणि वाचकांसाठी इंटरनेट. यातले एकही काम विंडोजवाचून अडत नाही. अडणारी कामे वेगळी आहेत आणि ती आधीच शोधून काढायला हवीत. टॅली विंडोजवरच चालते. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनसाठी लिनक्सचे ड्रायव्हर बऱ्याच कंपन्या देतात, पण पोर्टलचे स्वाक्षरी करणारे छोटे सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असे नाही. आधार पडताळणीच्या बोटांच्या ठशांच्या यंत्राचेही तेच. एमएस-सीआयटी किंवा टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेचा सराव ज्या यंत्रांवर चालतो, तिथे परीक्षा ज्या सॉफ्टवेअरवर होते तेच हवे. म्हणून ग्रामपंचायतीत एक आणि शाळेच्या कार्यालयात एक असे यंत्र विंडोज ११ चे ठेवावे आणि बाकीची लिनक्सवर न्यावीत. ‘सगळे नाहीतर काहीच नाही’ असा हट्ट दोन्ही बाजूंनी सोडला की निम्मा वाद संपतो.

प्रत्यक्ष करायचे कसे, याला फार मोठी विद्या लागत नाही. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती जुन्या यंत्रांना सोसते. ती २ जीबी रॅमवर चालते, चार असली तर बरे, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडे ठेवायचे तर आठ. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. डेबियन हा आणखी एक प्रकार. त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तीही चांगली. मात्र तिच्यात ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. खरे तर इतके जुने यंत्र निर्लेखित करायला माझी ना नाही. दुसऱ्या पिढीच्या आय-३ च्या मागे, म्हणजे २०११ च्या आधी जाऊन यंत्र वाचवण्यात फारसा अर्थ नाही. त्याची रॅम मिळत नाही, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दमलेला असतो आणि वीजही जास्त खातो.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टीमची पूर्ण प्रत, अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा संकेतांक, जुळवून पाहावी. ग्रामीण इंटरनेटवर अर्धवट उतरलेली फाइल हे मांडणी मध्येच कोसळण्याचे नेहमीचे कारण असते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टीम समोर येते. याला लाइव्ह म्हणतात, आणि हाच या सगळ्यातला सर्वात उपयोगी भाग आहे. याच अवस्थेत वायफाय, आवाज, प्रोजेक्टर, प्रिंटर, मराठी कळफलक हे सारे तासभर तपासावे. निर्लेखनाचा शेरा मारण्याआधी ही एक तपासणी सक्तीची केली तरी किती यंत्रे वाचतील!

तपासणीत दोन गोष्टी अडतात. डिस्क दिसतच नाही, अशी पहिली तक्रार. ब्रँडेड यंत्रांत बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत रेड किंवा आरएसटी ठेवलेली असते, ती एएचसीआय केली की डिस्क दिसते. विंडोजही ठेवायचे असेल तर मात्र तो बदल थेट करू नये, आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करावी, नाहीतर निळा पडदा येतो. दुसरी अडचण प्रिंटरची, आणि ही आपल्याकडे फार मोठी आहे. कार्यालयागणिक दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर सर्वमान्य छपाईभाषा बोलत नाही, त्याची स्वतःची कॅप्ट नावाची पद्धत आहे. लिनक्सवर तो चालतो, पण ड्रायव्हर वेगळा आणून बसवताना जाणकाराचाही वेळ खातो. एचपी लेझरजेट १०२० ला प्रत्येक वेळी सुरू होताना फर्मवेअर द्यावे लागते. एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचे प्लगइन एकदा उतरवले की ते आपोआप होते, पण ते उतरवायचे असते हेच माहीत नसते. ज्या कार्यालयात असा प्रिंटर आहे तिथे तो विंडोज असलेल्या एका यंत्रालाच जोडलेला ठेवणे व्यवहार्य.

एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांना आणखी दोन धक्के बसतात. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद केले नाही तर डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते, आणि लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास पुढेमागे होते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ मानते. दोहोंतला फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितले की हे मिटते. शाळेसाठी मात्र माझा सल्ला दोन सिस्टीम नकोतच असा आहे. मुले आणि शिक्षक सवयीने जुन्याच बाजूला जातात, आणि जिला अपडेट नाहीत ती बाजू चालू राहते.

यंत्र मंद आहे म्हणून नवे हवे, असे ज्या मागणीपत्रांत लिहिलेले असते त्यांतल्या बहुतेकांना संगणक नको असतो, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, हवी असते. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज १० सुरू व्हायला काही मिनिटे जातात. त्याच यंत्रात २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास पडदा येतो. रॅम घेताना बोर्ड पाहून घ्यावी. चौथ्या पिढीपर्यंत डीडीआर ३, सहावीपासून बहुतेक ठिकाणी डीडीआर ४, पण सहाव्या पिढीच्या काही स्वस्त बोर्डांवर कमी व्होल्टची डीडीआर ३ एल असते. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही, आणि उलटही नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे जुनी रॅम अजून मिळते. पण शाळेला पावती लागते, आणि वापरलेल्या मालाची पावती हिशोब तपासणीत चालेलच असे नाही. म्हणून नव्या रॅमसाठी वेगळी तरतूद हवी.

लिनक्सवर मराठीचे काय, हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचे उत्तर लोक समजतात त्याच्या उलट आहे. टंकलेखन ही अडचणच नाही. इनस्क्रिप्ट कळफलक सिस्टीमसोबतच येतो, उच्चारानुसारीही आहे, आयबस या कळफलक निवडण्याच्या साधनात मराठी जोडले की पाच मिनिटांत ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ व्यवस्थित उमटते. लिबरऑफिस हे मोफत ऑफिस मराठी मेनूसह मिळते. अडचण आहे ती जुन्या फायलींची. शासकीय आणि शाळांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन झाले. त्या फायलींत खरे तर मराठी अक्षरे नाहीतच, इंग्रजी चिन्हांना मराठीचे रूप दिलेले आहे. फॉन्ट नसला की दाखल्याचा नमुना कचऱ्यासारखा दिसतो. हे लिनक्समुळे होत नाही, त्याच फायली नव्या विंडोज ११ वरही तशाच दिसतील. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागेल, आणि रूपांतर केल्यावर रफार आणि जोडाक्षरे माणसाने डोळ्यांनी तपासावी लागतील. मंगल फॉन्टमधल्या युनिकोड फायली सुखरूप उघडतात. तो फॉन्ट विंडोजचा असल्याने लिनक्सवर त्याजागी लोहित किंवा नोटो येतो आणि पाने थोडी सरकतात. छापील नमुन्यात ओळ खालच्या पानावर गेली तर तक्रार येणारच. नमुने एकदा नोटोमध्ये बसवून ठेवावेत आणि बाहेर पाठवायच्या फायली पीडीएफ कराव्यात.

हे सगळे एकट्या मुख्याध्यापकांनी करावे असे म्हणणे अन्याय आहे, आणि इथेच खरा वाद सुरू होतो. लिनक्सविरोधात जर्मनीतल्या म्युनिक शहराचे उदाहरण दिले जाते. त्या महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले. उदाहरण खरे आहे, पण त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. तिथे संगणक विभाग विखुरलेले होते आणि राजकीय पाठबळ बदलले. जवळचे उदाहरण केरळचे आहे. तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला, पुढे त्याची काइट ही सरकारी संस्था झाली, आणि दीड दशकाहून अधिक काळ तिथल्या शासकीय शाळांतली मुले उबंटूवर बेतलेल्या, मल्याळमसह सजवलेल्या एकाच सिस्टीमवर शिकतात. ते टिकले कारण तिथे एकच तयार प्रतिमा, म्हणजे सगळे बसवून ठेवलेल्या सिस्टीमची हुबेहूब प्रत, आहे, ती बनवणारी कायमची माणसे आहेत, शिक्षकांचे प्रशिक्षण त्याच सिस्टीमवर होते आणि पाठ्यपुस्तकही तीच धरून लिहिले जाते. लिनक्स फुकट आहे म्हणून नव्हे, तर त्यामागे पगारी यंत्रणा उभी केली म्हणून ते चालले.

महाराष्ट्राकडे यातले काय नाही? बॉस नावाची, डेबियनवर बेतलेली भारतीय सिस्टीम २००७ मध्ये आणणाऱ्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून आहे. नाही ते देखभालीचे लेखाशीर्ष. आयसीटी ॲट स्कूल योजनेत संगणक कक्ष ‘बूट’ पद्धतीने, म्हणजे कंत्राटदाराने उभारून, चालवून शेवटी शाळेकडे सोपवण्याच्या करारावर आले. पाच वर्षांनी करार संपतो, निदेशक जातो, संगणक शाळेचे होतात आणि त्यांच्यासाठी उरतो तो सादिल खर्च, ज्यातून खडू, वीज बिल आणि झाडूही भागवायचा असतो. अशा स्थितीत ऑपरेटिंग सिस्टीमचे अपग्रेड कोण करणार? टोनर संपला की दिसते, अपडेट थांबलेले दिसत नाही.

म्हणून खरेदीच्या निविदेतच तीन गोष्टी लिहायला हव्यात. यंत्रासोबत येणाऱ्या सिस्टीमचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपतो, त्या तारखेआधी पुढची आवृत्ती घालून देण्याची जबाबदारी कुणाची, आणि ते यंत्र लिनक्सवर तपासून पाहिले आहे का. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर संगणकाची मागणी नोंदवताना प्रोसेसर आणि रॅमइतक्याच काटेकोरपणे हे नोंदवता येईल. प्रत्येक तालुक्याला गट साधन केंद्रात एक माणूस हवा, ज्याच्याकडे राज्याची एक तयार प्रतिमा, दहा पेनड्राइव्ह आणि एसएसडीचा साठा असेल. वीस यंत्रांचा कक्ष तो एका दिवसात उभा करू शकतो. एका यंत्रावर सगळे नीट बसवायचे आणि क्लोनझिला या डिस्कच्या प्रती काढणाऱ्या साधनाने तीच प्रतिमा बाकीच्यांवर उतरवायची. मात्र प्रत्येकाचे यजमाननाव, म्हणजे नेटवर्कवरचे नाव, बदलायला विसरायचे नाही, नाहीतर नेटवर्कवर सगळी एकाच नावाने उभी राहतात. आणि लिनक्सलाही मुदत असते हे त्याने नोंदवहीत लिहून ठेवायचे. मिंट २२ ची मुदत २०२९ ला संपते, म्हणजे २०२८ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुढची आवृत्ती घालून झालेली हवी. ती घालण्याआधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टीमची एक प्रत काढायची आणि बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत बंद करायचे. अपग्रेड अर्ध्यावर मोडते ते बहुधा त्यांच्यामुळेच.

एवढे करूनही जी यंत्रे निर्लेखित होतील, त्यांची हार्डडिस्क आधी काढून घ्यावी. २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ही यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवीत, भंगारवाल्याकडे नव्हे. झटपट (क्विक) फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून मुलांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक सहज परत काढता येतात. फिरती डिस्क असेल तर संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहावीत, त्याला रात्रभर लागेल. एसएसडी असेल तर उत्पादकाच्या साधनातली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी, कारण तिच्यावर वरवर लिहून सगळे कप्पे पुसले जात नाहीत. डिस्क सुरूच होत नसेल तर ड्रिलने तिच्या तबकड्यांना तीन-चार भोके पाडावीत. हे सारे निर्लेखन समितीसमोर करावे आणि डिस्कचा अनुक्रमांक इतिवृत्तात लिहावा.